बुडते का पोचते

आमच्या शाळेच्या निकामी सामानाच्या यादीत एकेचाळिसाव्या क्रमांकावर एक ओळ होती : 'चित्र, बोटींचे, फ्रेमसह, काच तडकलेली – एक नग.' यादी मीच केली होती. मी शाळेत लिपिक आहे. याद्या करणं हे माझं काम आहे आणि खरं सांगायचं तर छंदही. चाळीसपर्यंतच्या ओळी एका दुपारी उरकल्या. तीन पायांची टेबलं, काट्यांशिवायचं घड्याळ, बूड गेलेल्या बादल्या. एकेचाळिसाव्या ओळीवर मात्र माझं पेन आठवडाभर अडून बसलं. त्याला कारण आमचे चित्रकलेचे सर.

सर उंच, किडकिडीत, आणि चालताना उजव्या अंगाला झुकलेले. खांद्यावरच्या रंगांच्या पिशवीमुळे ते तसे चालत, पण मुलं म्हणायची, "सरायले वारा लागते." भिंतीवर काहीही वाकडं टांगलेलं दिसलं की त्यांचा हात आपोआप वर जाई. लग्नाच्या मांडवात, बँकेत, डॉक्टरांकडे, कुणाकडे दुःखाला भेटायला गेलं तरी. माझे सासरे गेले तेव्हा सर आले, फोटोला हात जोडले, तेच हात पुढे नेऊन फोटो डावीकडून बोटभर वर केला, दोन पावलं मागे येऊन पाहिलं आणि मग सासूबाईंना म्हणाले, "आता बरे दिसून राहिले." सासूबाई रडता रडता हसल्या. तेराव्यापर्यंत त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगत होत्या.

स्वतःच्या वर्गातलं ते बोटींचं चित्र सरळ आहे की नाही, हे सर डोळ्यांनी ठरवत नसत. रोज सकाळी पाण्याने अर्धा भरलेला काचेचा पेला फ्रेमच्या खालच्या कडेशी धरत आणि पेल्यातलं पाणी चित्रातल्या पाण्याशी जुळवून बघत. "समुद्र वाकडा झाला तर बोटीचा काय दोष, मॅडम?" हे मला ऐकवून मग तेच पाणी पिऊन टाकत.

चित्र असं होतं. काळपट हिरवा समुद्र, वर ढगांचा ढीग आणि ढग जिथे फाटले होते तिथून आलेला पिवळा उजेड. शिडाच्या तीन बोटी. एक लांबवर, नखाएवढी. एक मध्ये. तिसरी अगदी पुढे, शीड फुगून फाटायच्या बेतात, आणि एका कुशीवर इतकी कललेली की तिची कड पाण्याला टेकलेली. तिच्यात पाच माणसं. चौघं दोर ओढताहेत, पाचवा मागे सुकाणू धरून बसलाय. मूळ चित्र दोनशे वर्षांपूर्वीचं, विलायतेतल्या कुणाचं तरी. आमची ती छापील प्रत. सरांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी नागपूरच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारातून आणून शाळेला दिलेली. चित्रकाराचं नाव विचारलं तर सर म्हणत, "तो कोठं आपल्या ओळखीचा हाय?"

या चित्रासमोर उभं करून सर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत. पाचवीत नवीन आलेल्या मुलांना, त्यांच्या आईबापांना, तपासणीला आलेल्या साहेबांना, खडूची खोकी पोचवायला आलेल्या माणसाला. पुढच्या बोटीवर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "बुडते का पोचते?"

उत्तर दिलं की दुसरा प्रश्न यायचा. "काहून?"

हे 'काहून', म्हणजे 'का', अवघड होतं. उत्तर चित्रातच शोधून द्यावं लागे. 'देव तारते' चालत नसे. 'शीड अजून फाटलं नाई' चाले. 'मधल्या बोटीचं शीड अर्धं उतरवलं, म्हणजे तिले समजलं, हिले समजलं नाई,' असं एका मुलीने सांगितलं तेव्हा सर खुर्चीवर बसले आणि तिला म्हणाले, "बाई, तू आता बस नको. उभीच राह्य. पाहत राह्य." शेवटच्या तासाला बाकी सगळ्या वर्गांतून कालवा ऐकू येई. चित्रकलेच्या वर्गात चाळीस मुलं माना लांब करून भिंतीकडे बघत बसलेली असत. मी अनेकदा दारातून मोजली आहेत.

मी नोकरीला लागले त्याच दिवशी सामानाची पडताळणी करायला त्या वर्गात गेले होते. हातात नोंदवही, एकूण चौदा खोल्या बाकी. सरांनी मला चित्रासमोर नेलं. "मॅडम, बुडते का पोचते?"

मी म्हणाले, "सर, मला काम आहे."

सरांनी मान हलवली. हेही एक उत्तर असावं, तशी.

या शिकवण्याचा एक तोटा होता. सरांच्या मुलांच्या चित्रांत कायम वारा सुटलेला असे. 'पोळा' विषय दिला तर बैल एका अंगाला झुकलेले, तोरण आडवं उडतंय, शेतकऱ्याचा दुपट्टा पुढच्या माणसाच्या तोंडावर. 'आठवडी बाजार'मध्ये वांगी घरंगळताहेत. एका वर्षी बाहेरच्या परीक्षकांनी शेरा पाठवला की या शाळेच्या परिसरात वादळ झालं होतं का, ते कळवावं. तेव्हाचे मुख्याध्यापक घाबरून गेले. सरांनी तो कागद मागून घेतला आणि खुशीत म्हणाले, "पाहा, दिसला त्यायले वारा!"

स्वतः सरांनी मात्र समुद्र पाहिलेला नव्हता. भंडाऱ्यातल्या माणसाला तलावांची वाण नाही, समुद्राची आहे. एकदा आम्ही शिक्षक-कर्मचाऱ्यांची कोकण सहल काढली. नियोजन माझ्याकडे होतं. बस किनाऱ्याशी थांबली तसे सगळे चपला हातात घेऊन पळाले. सर शेवटी उतरले. पिशवीतून पेला काढला, बाटलीतलं पाणी अर्ध्यापर्यंत ओतलं, डोळ्यांसमोर धरून दूर जिथे पाणी संपतं तिथे नजर लावली. आम्हाला वाटलं, आता यांच्या डोळ्यांत पाणी येणार.

"बरोबर हाय," सर म्हणाले. "सरळ हाय." पाणी पिऊन टाकलं आणि चहाची टपरी शोधायला निघून गेले. परत येईपर्यंत समुद्राबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

त्याऐवजी गावच्या तलावात त्यांनी प्रयोग केला. मधली बोट कमी कलते आणि पुढची जास्त, वारा तर एकच, हे कसं, असा वाद आठवीच्या वर्गात पेटला होता. तलावात मासेमारी करणारा एक पालक होता, त्याचा डोंगा सरांनी मागून घेतला. डोंगा म्हणजे खोड कोरून केलेली आमच्याकडची होडी. तिला शीड कधीच नसतं. सरांनी मधोमध बांबू उभा केला, त्याला घरची पलंगावरची चादर बांधली. काठावर पूर्ण आठवी, आणि टॉवेल, कोरडा शर्ट, औषधाची पेटी घेऊन मी. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण अशा प्रसंगी काय लागेल ते मला दिसतं.

डोंगा बारा हात गेला. वारा आला. चादर फुगली. सर ओरडले, "पाहा, पाहा, कलून राहिली!" आणि ती पूर्णच कलली. पाणी कमरेइतकं होतं. सर चादरीखालून बाहेर आले, डोक्यावर शिंगाड्याचा वेल. काठावरून एक मुलगा ओरडला, "सर, बुडते!" डोंगेवाला कपाळाला हात लावून म्हणाला, "गुरुजी, माझा डोंगा जलमात पलटला नोता जी."

त्याच दिवशी डोंगेवाल्याला सरांनी शाळेत आणून चित्र दाखवलं. त्याने बराच वेळ पाहिलं. मग शिडाकडे नाही, लाटेकडे नाही, मागे बसलेल्या पाचव्या माणसाकडे बोट केलं. "पोचते."

"काहून?"

"याची नजर पाहा ना गुरुजी. बुडाची वेळ आली का माणूस पाण्याकडे पाह्यते. हा इकडं, बाजूले पाहून राहिला. काठ हाय तिकडं."

चित्रात त्या बाजूला फ्रेमची लाकडी पट्टी होती, दुसरं काही नव्हतं. सर पटकन पुढे झाले. त्याला खांद्याला धरून बाहेर घेऊन गेले, चहा पाजला, आणि परत वर्गात येऊ दिलं नाही. मला ते तेव्हा विचित्र वाटलं होतं. ओल्या कपड्यांत थंडी वाजत असेल, असं समजून मी विषय सोडून दिला.

आणखी एक गोष्ट विचित्र होती. चित्राची काच कोपऱ्यात तडकलेली होती. दर जूनमध्ये माझ्या कामांच्या यादीत 'बोटींच्या चित्राची काच बदलणे' हे असायचंच, आणि दर जूनमध्ये सर ते हाणून पाडायचे. "राहू द्या. फ्रेम खोलाची नाई." का, तर, "कागद जुना हाय." मी म्हणाले, फ्रेमवाला हलक्या हाताने काढेल. तर, "तेच म्हणतो, काढाचा नाई." माझ्या याद्यांत एकच काम एवढी वर्षं पुढे ढकललं गेलेलं आहे. ते मला डाचायचं.

आता एकेचाळिसावी ओळ. सरांच्या निवृत्तीला महिना उरला होता. चित्रकलेच्या खोलीत मोठा पडदा आणि संगणक बसणार होते. मुख्याध्यापकांनी मला आणि सरांना एकत्र बोलावलं.

"फुटकी काच वर्गात चालणार नाही. पोरांच्या डोळ्यात गेली तर कोण जबाबदार? काच बदला, चित्र राहू द्या. नाही तर निकामी यादीत टाका. शनिवारी समिती येते."

सोपं होतं. मी सरांकडे पाहिलं. सर जमिनीकडे पाहत होते.

"फ्रेम खोलाची नाई," ते म्हणाले.

"मग भंगारात जाईल, सर."

"मले माहीत हाय."

"मग घरी तरी घेऊन जा. तुम्हीच दिलेलं आहे."

"घरी कोण पाहीन त्याले? मी आन् मांजर."

बाहेर आल्यावर मी व्हरांड्यात चांगलीच चिडले. ज्या चित्रासाठी या माणसाने जन्म काढला, ते एका काचेपायी भंगारात जाऊ देतोय. सरांचा आवाज मात्र बारीक झाला होता. "मॅडम, माझ्यामागं ते भिंतीवर राह्यलं पाहिजे. पण जसं हाय तसंच."

मला दोनपैकी एक शक्य होतं, आणि शक्य ते करायची मला सवय आहे. शुक्रवारी सर परीक्षेच्या कामाला लाखांदूरला गेले. मी शिपाई मनोहरभाऊंना घेऊन खोलीत शिरले. बेत साधा : भंडाऱ्याला न्यायचं, काच बदलायची, दुपारच्या आत परत टांगायचं.

मनोहरभाऊंनी चित्र खिळ्यावरून काढून उलटं केलं आणि म्हणाले, "मॅडम, हे काय जी?"

मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने तीन रकाने आखलेले होते. पट्टीने. ज्या माणसाने उभ्या नोकरीत मला एकही कागद वेळेवर दिला नाही, त्याने एवढ्या सरळ रेघा मारलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. पहिल्या रकान्यावर 'बुडते', दुसऱ्यावर 'पोचते'. खाली मोठ्या माणसांची नावं. तपासणीचे साहेब, पालक, खडूवाला. आमचे मुख्याध्यापक 'बुडते'त. डोंगेवाल्याचं नाव 'पोचते'त, आणि त्याच्याखाली दोन रेघा.

तिसऱ्या रकान्यावर लिहिलं होतं, 'काम आहे'. त्यात एकच नाव होतं. माझं.

"चला," मी मनोहरभाऊंना म्हणाले. "उशीर होतोय."

चित्र चादरीत गुंडाळून मनोहरभाऊ स्कुटीवर माझ्यामागे बसले, दोन्ही हातांनी ते आडवं धरून. वाटेतल्या वरठीपर्यंत ठीक होतं. पोलाद कारखान्याच्या पुढे मोकळा रस्ता लागला आणि एप्रिलचा तो गरम वारा बाजूने आला. चादर सुटली, फडफडली, फुगली. स्कुटी डाव्या अंगाला कलली. मी उजवीकडे झुकले.

"मॅडम, पलटून राहिलो जी!"

"चित्र उभं धरा, भाऊ!"

"उभं धरलं तर मी उडतो ना!"

"मग चादर सोडा!"

"सोडली जी! फ्रेमले अटकली, तेच तर उडून राहिली!"

आम्ही तसेच कलत कलत, रस्त्याच्या कडेकडेने, एका ट्रकवाल्याच्या शिव्या खात भंडाऱ्याला लागलो. मधल्या बोटीने शीड अर्धं का उतरवलं होतं, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

फ्रेमच्या दुकानात तिथल्या मुलाने खिळे काढले, पुठ्ठा बाजूला केला आणि म्हणाला, "हे तर दुमडलेलं हाय. बाबाच्या हातचं दिसते. ते देवाच्या फोटोच्या मापाचीच फ्रेम करत, मोठं आलं का दुमडून टाकत." त्याने कागदाची उजवी बाजू उलगडली. चार बोटं रुंदीची पट्टी, आतून अगदी नवी, रंग न उडालेली.

काठ होता. दगडी धक्का, त्यावर माणसं. एकाने दोर फेकायला हात मागे नेलेला. एका बाईने रुमाल वर केलेला. पुढच्या बोटीपासून काठ दोन हातांवर असेल. सुकाणूवरचा तो पाचवा माणूस सरळ त्या बाईकडे बघत होता.

तेवढ्यात दाराशी मोटारसायकल थांबली. कारखान्याच्या गणवेशातला एक जण चालवत होता आणि मागे सर. लाखांदूरचं काम रद्द झाल्याने ते अर्ध्या वाटेतून शाळेत परतले होते, रिकामा खिळा पाहिला होता, आणि वरठीपर्यंत चालत येऊन जुन्या विद्यार्थ्याला गाठलं होतं. सरांनी आत एक नजर टाकली. माझ्यापुढे उलगडलेला कागद पाहिला. मग वळले आणि दोन्ही हात पसरून दारात उभे राहिले, पाठ आमच्याकडे.

"तू बाहेर थांब," ते विद्यार्थ्याला म्हणाले.

"काहून सर? चित्रच हाय ना? आपल्या वर्गातलं?"

"थांब म्हणतो ना!"

"सर, मी आता दोन लेकरायचा बाप झालो. सांगून टाका ना एक डाव. बुडते का पोचते?"

"तुले काय वाटते?"

"मले वाटते, पोचते. पण लेकरं झाल्यापासून वाटते. पयले बुडते वाटे."

"जाय, तिकडं चहा सांग पाच," सर म्हणाले. तो गेल्यावरच त्यांनी हात खाली घेतले.

मी विचारलं, "तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"मीच दुमडाले लावलं." सर स्टुलावर बसले. कपाळावरचा घाम त्यांनी चित्राच्या चादरीला पुसला. "पयल्या वर्षी पूर्ण लावलं होतं जी. पोट्टे आले. पाह्यलं. एक म्हणे, 'आला ना सर काठ. मंग काय पाहाचं?' आन् सगळे खिडकीतून बाहेर पाहाले लागले. बाहेर काय, तर गाढव होतं. दुसऱ्या रविवारी मी इथं येऊन याच्या बापाले म्हटलं, देवाच्या मापाचं कर."

दुकानातला मुलगा, मनोहरभाऊ आणि मी त्या चार बोटांच्या पट्टीकडे पाहत होतो. मला सामानाच्या नोंदीत लपवाछपवी चालत नाही. वस्तू जेवढी आहे तेवढी लिहायची, हा नियम. मी मुलाला म्हणाले, "नवी काच लाव. आणि कागद होता तसाच दुमड. त्याच घडीवर."

सरांनी मान वर केली.

"पुठ्ठाही तोच ठेव," मी म्हणाले. मग माझ्याने राहवलं नाही. "सर, ते तिसऱ्या रकान्यातलं माझं नाव खोडा. मी उत्तर देते. पोचते."

सर इतके हसले की मुलाच्या हातातली काच हलली. "आता कायले चालते, मॅडम? पाहून सांगून राहिल्या तुमी. ते कापी झाली!"

मनोहरभाऊ पहिल्या दिवसापासून 'पोचते'त होते. ते माझ्याकडे फार दयाळूपणे बघत होते.

शनिवारी समितीला मी चाळीस ओळींची यादी दिली. सर निवृत्त झाले. दर सोमवारी त्यांचा फोन येतो. नमस्कार वगैरे नाही, थेट, "पाणी सरळ हाय का?" मी आधीच पेला धरून पाहिलेलं असतं. सरळ आहे, असं सांगते.

चित्र आता माझ्या टेबलासमोर, कार्यालयाच्या दाराशी आहे. तिथून सगळ्यांनाच जावं लागतं. परवा नवे मुख्याध्यापक रुजू झाले. तरुण आहेत, हातात सतत फोन. मी त्यांना चित्रासमोर थांबवलं आणि विचारलं. ते चालता चालताच म्हणाले, "मॅडम, मला काम आहे."

मी चित्र उतरवलं, पेन्सिलने तिसऱ्या रकान्यात माझ्या नावाखाली त्यांचं नाव लिहिलं आणि पुन्हा टांगलं.

काल ते सहीसाठी आले. सही केली, निघाले, आणि दाराशी थांबले. फोन वाजला तो त्यांनी बंद केला. मी वर पाहिलं नाही. वर पाहिलं की लोक जातात. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "मॅडम, हा मागे बसलेला माणूस तिकडे काय बघतोय हो?"

मी ड्रॉवर उघडला आणि खोडरबर शोधायला लागले.